दुष्काळात न झालेला बाप्तिस्मा

प्रिय माय,

काल तुला जाऊन वर्ष झालं, त्या स्मरणाला मी चर्चमध्ये उभी राहून बोलले. पाळकसाहेब म्हणाले होते, "आईबद्दल दोन शब्द सांगा." लोकांना वाटलं, मी म्हणेन तू कष्टाळू होतीस, प्रार्थना कधी चुकवली नाहीस, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जन्म काढून लोकांच्या लेकरांना जेवू घातलंस. ते मी बोललेच नाही. मी टँकरचं बोलले.

हो, तेच! जे आपण दोघींनी इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं, तेच. सगळ्या मंडळीनं ऐकलं, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती तू तेवढी नव्हतीस. म्हणून आज ग्रंथालयातून रजा घेऊन तुला लिहायला बसले आहे. रागावू नकोस. आणि रागावलीस तरी शेवटपर्यंत ऐक. मध्येच तोंड घालायची तुझी खोड आता चालायची नाही.

मी तुला सांगितलं तो दिवस आठवतो का गं? तू परातीत तुरीची डाळ निवडत होतीस. उदगीरला डाळीच्या एवढ्या गिरण्या, पण गिरणीवर तुझा विश्वास नव्हता. मी चाळिशीला टेकले होते आणि तू अजून माझ्यासाठी कुणा बिजवराचं स्थळ घेऊन बसली होतीस. त्या दिवशी माझा धीर झाला.

"माय, स्थळं बघू नको आता. मी महानंदाबरोबरच राहणार."

"राहा की. सोबत बरी आसती."

"सोबत नाही, माय. संसार. नवरा-बायकोचा असतो तसा."

तुझं बोट डाळीत थांबलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, परातीकडेच पाहत राहिलीस. मला वाटलं, आता रडणार, नाहीतर परात फेकणार. आणि तू म्हणालीस, "पर ती तर मटनबी खात न्हाई!"

मला हसू फुटलं. तू हसली नाहीस.

महानंदा लिंगायत घरची, आडत्याची मुलगी. उदगीरचीच. लातूरच्या कॉलेजात ती गणित शिकवते आणि मी तिथल्याच ग्रंथालयात, हे तुला माहीत होतं. आमच्या भाड्याच्या घरी येऊन तू चार-चार दिवस राहायचीस, तिच्या हातची ज्वारीची भाकरी खायचीस. पण त्या दिवसानंतर तुझं येणं थांबलं. फोनवर तू एवढंच विचारायचीस, "नळ आला का?" मी म्हणायचे, "नाही." "बरं," म्हणून ठेवून द्यायचीस. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तोच तो उन्हाळा. नळाबद्दल बोलायला दोघींकडे भरपूर होतं, म्हणून बाकीचं बोलावं लागलं नाही.

तुझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

जळकोट रोडला एक प्रार्थनागृह निघालं होतं. पत्र्याचं शेड, मोठे स्पीकर. तिथल्या सेवकाला सगळे ब्रदर म्हणायचे, आपणही तेवढंच म्हणू. आपल्या जुन्या मंडळीतल्या बायकांना तू 'उड्या मारायचं चर्च' म्हणून तिकडे फिरकू द्यायची नाहीस. आणि तूच गेलीस! एकटी, पायी, उन्हाची. ब्रदरनं तुला सांगितलं की लहानपणी शिंपडलेला बाप्तिस्मा खरा नसतो. पोरीला पाण्यात पूर्ण बुडवलं पाहिजे. बुडाली की तिच्यातला तो आत्मा निघून जाईल, लग्नाला तयार होईल.

आणि तू ते मानलंस. का मानलंस, ते तू मला लातूरच्या बसस्टँडवर सांगितलंस. आठवतं? मला भेटायला आली होतीस, पण घरी यायचं नव्हतं. उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभी राहून, पदरानं तोंड झाकून म्हणालीस, "करुणे, तुझ्या टायमाला पाळकानं बोटं नुसती वली केली होती. तू लई रडून ऱ्हायली होतीस, म्हणून त्यानं घाई केली. म्या तवाच मनात म्हटलं होतं, पाणी कमी पडलं."

पाणी कमी पडलं! माय, मी आजवर किती वाचलं. माझ्यासारख्या बायका अशा का असतात याची कितीतरी कारणं लोकांनी लिहून ठेवली आहेत. पण असं कारण कुठल्याच पुस्तकात नाही. तू एवढी वर्षं उराशी घेऊन बसली होतीस की चूक तुझीच. पाळकाला पुढे होऊन म्हणायला हवं होतं, साहेब, अजून थोडं शिंपडा.

मला तिथेच तुला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. "ठीक आहे," म्हणाले, "घेते बुडून."

का म्हणाले? तुझ्या रडण्यामुळे, हे तर झालंच. पण खरं सांगायचं तर मलाही भीती होती. महानंदावर माझा जीव जडला त्या वर्षापासून मी प्रभुभोजन घेणं सोडलं होतं. चर्चला यायचे, मागच्या सतरंजीवर बसायचे, भाकर आणि प्याला वाटायची वेळ आली की चपला घालून बाहेर पडायचे. कुणी मला काढलं नव्हतं. मीच स्वतःला काढलं होतं. गाणी मात्र सुटली नाहीत. भांडी घासताना मी गायचे आणि महानंदा तिच्या खोलीतून ताल धरायची. देवावर मी रुसले नव्हते, त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. म्हटलं, समजा ब्रदर खरं बोलत असेल तर? एकदाचं कळू दे.

महानंदा मात्र पेटली. स्वयंपाकघरात रिकाम्या पिंपांमध्ये उभी राहून म्हणाली, "आपल्याला प्यायला पाणी नाही अन् तुझ्या ब्रदरला तुला बुडवायला पाणी पाहिजे?"

"आईसाठी."

"अव्वासाठी असेल तर जा. पण त्या पाण्यात मला सोडून येणार असशील तर आत्ताच सांग. मी कपडे भरते." उदगीरच्या कितीतरी घरांसारखी तिच्याही घरात कानडी चालते, म्हणून ती तुला अव्वा म्हणायची. आईला म्हणतात तसं. त्या दिवसांतही तिनं तुला दुसरं काही म्हटलं नाही.

मी रिकामी पिंपं उगाच पुसत राहिले, माय.

मग सुरू झाली पाण्याची शोधाशोध. आता आठवलं की हसू येतं! आधी ब्रदर म्हणाले, धरणावर. धरणात भेगा पडलेल्या, मधे डबकं, त्यात म्हशी. मग नदी ठरली. नदीत पोरं क्रिकेट खेळत होती. मग प्रार्थनागृहातल्या एका भावाच्या शेतातली विहीर. तू स्वतः बघायला गेलीस, काठावर वाकून पाहिलंस आणि घरी येऊन मला फोन केलास, "तळाला बेडूक बसलाय, त्याचेच पाय वले न्हाईत. बुडायला जागाच न्हाई बया." तुझ्या आवाजात मला किंचित सुटका ऐकू आली होती. की तो माझा भास होता?

ब्रदर हटले नाहीत. टँकर आणू म्हणाले. आणि टँकर मिळवलास तू. वसतिगृहाला पूर्वी पाणी घालायचा त्या माणसाला गाठलंस, तुझ्या शब्दावर त्यानं एक खेप द्यायचं कबूल केलं. वसतिगृह बंद पडून किती वर्षं झाली होती, पण मागचा सिमेंटचा हौद शाबूत होता, लेकरं ताटं धुवायची तो. तू राखेनं घासून घासून तो पांढरा केलास. आणि मला घालायला तुझी लग्नातली पांढरी साडी काढलीस. मी घडी मोडली तेव्हा तू तोंड फिरवलंस. ही साडी मी कुठल्या दिवशी नेसावी असं तुझ्या मनात होतं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी मी हौदाशी उभी होते. तू, ब्रदर, पेटी वाजवणारा एकजण, आणि कुंपणाच्या दारात महानंदा. ती माझ्याच बसनं आली होती, पण आत आली नव्हती. पाईप हौदात सोडला आणि पाणी पडायला लागलं. माय, काय आवाज होता तो! त्या उन्हाळ्यात एवढं पाणी एका जागी पडताना कुणी ऐकलं नव्हतं.

आवाज गल्लीत गेला. पहिली आली खैरूनआपा, आपली भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, दोन्ही हातांत घागरी. तिच्यामागे गल्लीतल्या सगळ्या, कळशा, डबे, तेलाचे कॅन, कुणी कुकरसुद्धा! त्यांना वाटलं, टँकर गल्लीसाठी आलाय.

ब्रदर हात पसरून आडवे झाले. "बहिणींनो, हे पाणी पवित्र कामासाठी आहे."

"पाक पानी है तो पैले पीने कू देव ना भाई," खैरूनआपा म्हणाली. "पोट्टे सुबू से प्यासे बैठे." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अगे करुणा! तू तो एकदम दुल्हन दिखरी. किस की शादी है?"

महानंदानं मान खाली घातली. तू तिच्याकडे पाहिलंस, मी बघितलं.

ब्रदर घाईनं म्हणाले, "चला, उतरा पाण्यात. प्रार्थना सुरू करू."

तेव्हा तू त्यांना विचारायला लागलीस, आणि मला तुझा आवाज ओळखू आला. वसतिगृहात धान्य आलं की पोत्यात हात घालून दुकानदाराला विचारायचीस, तो आवाज.

"ब्रदर, किती पाणी लागंल?"

"कमरेच्या वर पाहिजे, माय."

"अन् मंग?"

"मग हिच्यातला अशुद्ध आत्मा पाण्यात निघून जाईल."

"अन् मंग त्या पाण्याचं काय करायचं?"

"ते सोडून द्यायचं. मोरीत."

"सोडून द्यायचं?"

तू एवढंच म्हणालीस. पण माय, तो स्वर! तू डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालायचीस. ताटं धुतलेलं पाणी अंगणात शिंपडायचीस. त्या उन्हाळ्यात तर तोंड धुतलेलं पाणीही बादलीत धरायचीस. तुला कुणीतरी सांगत होतं की हौदभर गोडं पाणी मोरीत सोड, आणि समोर रिकाम्या घागरी घेऊन अख्खी गल्ली उभी!

तू पदर खोचलास. खैरूनआपाच्या हातातली घागर ओढून घेतलीस, हौदात बुडवलीस, भरून तिच्या कमरेवर ठेवलीस. "लाइनीनं या गं. कुणी ढकलाढकली केली तर न्हाई द्यायची."

"माय, हे काय करून राहिलात?" ब्रदर ओरडले. "तुमच्या पोरीच्या तारणाचं पाणी आहे ते! हे पाप आहे!"

तू दुसरी घागर भरत होतीस. वळूनही न बघता म्हणालीस, "देवाला माझी पोर धुवायची आसंल तर तो पाऊस पाडंल की. त्याला टँकर कशाला लागतो?"

पेटीवाला हसला! ब्रदरचाच माणूस, पण हसला. खैरूनआपा तर एवढी हसली की तिची घागर हिंदकळली आणि तू तिला रागावलीस, "सांडू नको, रांडं!"

मी तशीच उभी होते, तुझ्या साडीत. माझ्या पायांतून काहीतरी वाहून गेल्यासारखं वाटलं. ब्रदर म्हणत होते तो आत्मा नव्हता तो. भीती होती. पुरती गेली नाही, पण तिचं वजन गेलं. मग मी साडी वर धरून हौदाच्या काठावर बसले आणि बादलीनं घागरी भरायला लागले. तू दाराकडे पाहून हाक मारलीस, "ए लिंगायताच्या! हुबी काय ऱ्हायलीस पावण्यावानी? हिकडं ये, धर घागर."

"हाव अव्वा," म्हणत महानंदा आली. अशी धावत आली की तिची चप्पल दारातच राहिली.

ब्रदर कधी गेले, मला आठवत नाही. पाणी तळाला गेलं तेव्हा तू तांब्या भरून घेतलास, तोंड लावून घटाघटा प्यालीस आणि मग महानंदाकडे बघून थबकलीस. "तुझ्या आजाच्या आडतीवर म्या वसतिगृहाचा दाणा आणाया जायची," तू म्हणालीस. "तहान लागली की तुमचा गडी वरून वंजळीत पाणी सोडायचा. तांब्याला शिवू द्यायचा न्हाई."

महानंदाचा चेहरा पडला. तिला हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायलाच हवं होतं, असं दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं हात पुढे केला. "तांब्या द्या, अव्वा."

"उष्टा हाय माझा."

"असू दे."

तुझं तोंड लागलेल्या ठिकाणीच ओठ लावून ती प्याली. पाणी हनुवटीवरून तिच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर ओघळलं. मग तांब्या माझ्याकडे आला. इतकी वर्षं मी ज्या प्याल्यापासून पळत होते त्याची मला तेव्हा आठवण झाली. मी तांब्या ओठाला लावला. प्याले.

त्या दिवशी संध्याकाळी आपण तिघी पायरीवर बसलो होतो. रस्त्यावरून वेगळ्या उदगीर जिल्ह्याच्या मागणीची गाडी चालली होती, स्पीकरवर घोषणा. तू ऐकत होतीस आणि एकदम हसलीस. "लातूर जिल्हा झाला तवा तुझे पप्पा शाळेतनं पेढे घिऊन आले. मला म्हनले, काल आपुन उस्मानाबादेत झोपलो, आज लातुरात उठलो. म्या म्हटलं, खाट तीच की! भिंत तीच. लातूर आधीबी होतंच, सरकारला ठावं नव्हतं." मग तू डोळे बारीक करून आमच्या दोघींकडे पाहिलंस. "तुमचंबी तसंच आसंल. मला काय कळतंय."

बस. त्यानंतर त्यावर तू पुन्हा अवाक्षर काढलं नाहीस.

आणि इथेच माझं तुझ्याशी भांडण आहे, माय. ब्रदरला तू असं उत्तर दिलंस, मग आपल्या मंडळीत तुझी जीभ कुठे गेली? लग्नाकार्यात तू महानंदाची ओळख 'लातूरच्या मॅडम' अशी करून द्यायचीस. कुणी विचारलं, पोरीचं लग्न का नाही केलं, तर म्हणायचीस, "तिला पुस्तकं लई." मी जवळच उभी असायचे! तू मला बुडू दिलं नाहीस, हे खरं. पण काठावरही तूच उभं ठेवलंस. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. आता बोलते आहे, कारण आता माझा राग उरलेला नाही, नुसतीच तक्रार आहे.

शेवटच्या आजारपणात तू आमच्याकडे होतीस. डॉक्टरांनी पायाचं सूप द्यायला सांगितलं तर महानंदा नाकाला रुमाल बांधून गॅसपुढे उभी! जन्मात अंड्याला हात लावला नव्हता तिनं. वाटी घेऊन तुझ्यापुढे आली आणि तू एक घोट घेऊन म्हणालीस, "आळणी झालंय बया." ती इतकी खूश झाली. मला म्हणाली, "अव्वानं नावं ठेवली म्हणजे सुनेत जमा केलं."

मीही पुन्हा पवित्र शास्त्र वाचायला बसले होते त्या वर्षांत. आधी वाचायचे ते गुन्हेगार कायद्याचं पुस्तक वाचतो तसं, माझं कलम कुठे आहे ते शोधत. टँकरनंतर मला वेगळंच दिसायला लागलं. येशू भर दुपारी विहिरीवर तहानलेला बसतो आणि अशा बाईकडे पाणी मागतो, जिच्या भांड्याला त्याचे लोक शिवत नसत. आधी शुद्ध होऊन ये, असं तो तिला म्हणत नाही. पाणी दे म्हणतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती, चित्रं रंगवली होती, आणि कळली तुझ्या हौदाशी. माझी श्रद्धा आता पूर्वीसारखी नाही. पुष्कळ गोष्टी मला माहीत नाहीत, आणि माहीत नाही असं म्हणायला आता भीती वाटत नाही. पण एक पक्कं कळलं. पाळकानं त्या दिवशी बोटं नुसती ओली केली होती ना? तेवढं पुरलं होतं, माय. कमी पडलं नव्हतं.

काल मी हे सगळं बोलले. महानंदा पहिल्या रांगेत माझ्या जागेशेजारी बसली होती. तुझ्या मातीला तिला सगळ्यांच्या शेवटी मूठ टाकायला मिळाली होती, म्हणून काल मी तिला हाताला धरून पुढे आणलं. बोलताना तिचं नाव घेतलं. "ही महानंदा," म्हटलं, "माझी जोडीदारीण. आम्ही वीस वर्षं संसार करतो आहोत. माझ्या आईनं हिच्या हातात घागर दिली होती."

पंखा तेवढा कुरकुरत होता. एक कुटुंब उठून गेलं. मंडळीचे सेक्रेटरीसाहेब छताकडे बघत बसले. आणि मागून खैरूनआपा, हो, ती आली होती, काठी टेकत, टँकरच्या वाक्याला इतक्या जोरात हसली की तुझ्या स्वयंपाकघरातल्या जुन्या बायकांनाही हसू आवरेना. मग त्यांतली एक डोळे पुसत म्हणाली, "बाईच तशी व्हती!" पाळकसाहेब उठले. त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला.

काल प्रभुभोजन होतं. मी चपला घातल्या नाहीत. पुढे गेले, गुडघे टेकले, हात पसरले. माझ्यापाशी पाळकसाहेबांचा हात थांबला की नाही, लोक आज त्यावर बोलत असतील. मला ठाऊक नाही. मी डोळे मिटले होते. हातावर भाकरीचा तुकडा आला, एवढं खरं. आणि मी रडले नाही, माय. मला भूक लागली होती. मी खाल्ला.

जिंकले मी! तुला सांगायला दुसरा शब्द नाही. कुणाला हरवून नाही जिंकले. ना चर्च सोडावं लागलं, ना महानंदा.

पण लिहायला बसले ते एवढ्यासाठीच नाही. उपासना संपल्यावर एक बाई थांबली होती, कंधारची, तुझ्या लांबच्या नात्यातली. सगळे चहाला गेल्यावर माझा दंड धरून खाली बसली. हळूच म्हणाली, "ताई, माझ्या लेकानं मला आसंच कायतरी सांगितलंय. एका पोराचं नाव घेतो. म्या त्याला घिऊन कुठं जाऊ? तो टँकरवाला ब्रदर आजून हाय का?" तिच्या घरी अजून कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

तिच्याकडे बघताना मला तू दिसलीस. आजवर त्या दिवसांचा विचार केला की मला मीच दिसायचे, पांढऱ्या साडीत, बिचारी. तू कधी दिसली नव्हतीस. जळकोट रोडनं उन्हात एकटी चाललेली. कुणाला विचारावं ते कळत नाही, पाळकाला सांगायची लाज, शेजारणीला सांगायची भीती, आणि मनात एकच, पाणी कमी पडलं, माझ्यामुळे कमी पडलं. तुझ्याजवळ बसून "बाई, तुझं काही चुकलेलं नाही" एवढं सांगणारं एक माणूस नव्हतं. ब्रदरनं निदान तुझं ऐकून घेतलं. म्हणून तू गेलीस त्याच्याकडे. आता कळतं.

त्या बाईला मी म्हटलं, "त्याला कुठेही नेऊ नका. तुम्ही या. रविवारी लातूरला आमच्याकडे जेवायला या, एकट्या." ती येते म्हणाली.

तर माय, हे वचन देते. ती आली की मी शास्त्र काढणार नाही, भाषण करणार नाही, तिला लगेच समजुतीच्या गोष्टी सांगणार नाही. तिचं सगळं ऐकेन. ती माझ्यावर चिडली, महानंदाला वाकडं बोलली, तरी ऐकेन. आणि ती पुन्हा आली तर पुन्हा. तिचा लेक त्याचं तो बघेल, त्याच्यात बळ दिसतंय. मी तिच्याजवळ बसेन. तुझ्याजवळ तेव्हा बसायला कुणी नव्हतं.

तिच्याजवळ असेल.

तुझीच,
करुणा